गाडीनं जायचं ठरलं होतं

"तुमचा अर्ज सहा वर्षांपूर्वीच निकाली निघालाय, काका," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "नामंजूर. पत्रही पोचलंय."

ड्रायव्हर हसला. बाईंची काहीतरी गफलत होतेय असं त्याला वाटलं. बावीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, सरकारी खिडक्यांची त्याला सवय होती. "नीट बघा मॅडम. दोन माणसं, एक गाडी. सीमेपलीकडे बहिणीच्या गावी जायची परवानगी. दोघांचे अर्ज माझ्या मित्रानं भरलेत."

बाईंनी फाइल त्याच्याकडे वळवली. पत्र मिळाल्याची सही कंडक्टरची होती. त्याचाच कंडक्टर. बावीस वर्षं एकाच बसवर दोघांनी काढली होती, आणि निवृत्तीनंतरही दर गुरुवारी कंडक्टरच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून दोघं बसत. कुठल्या घाटात थांबायचं, डिझेल कुठे भरायचं, जादा टायर एक घ्यायचा की दोन, यावर तासन्‌तास हुज्जत चाले. गाडीत दोघंच असणार, तरी कंडक्टर म्हणे, "मी मागेच बसणार. पुढे बसलो तर मला गाडी लागते." परवानगीचं विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर असे: "ऑफिसचं मी बघतो. तू स्टिअरिंग बघ."

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लायसन्स आता एकदाच वाढवून मिळेल. म्हणून ड्रायव्हर आज त्याला न सांगता एकटाच आला होता.

"पण नामंजूर का?"

"डेपोच्या फाटकावर बस घालून चौकीदाराचा पाय मोडला, अशी नोंद आहे तुमच्या नावावर. अशा माणसाला स्वतःची गाडी घेऊन सीमा ओलांडता येत नाही."

ती संपाच्या वेळची भानगड. त्या दिवशी ड्रायव्हर तापानं घरी फणफणत होता. तरी कुणीतरी त्याचं नाव घेतलं आणि त्याला आठ महिने निलंबित केलं. पुरावा नाही म्हणून पुढे कामावर परत घेतलं, पण नाव कुणी घेतलं ते कधी कळलं नाही.

"कुणाच्या सांगण्यावरून, मॅडम?"

"ते दाखवता येत नाही." बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग एक पान उलटलं आणि शिक्का शोधायला पाठ फिरवली.

जबाबाखालची सही खोडलेली होती. पण सहीची गरज नव्हती. मागे झुकलेली ती बारीक अक्षरं त्यानं रोज, प्रत्येक फेरीच्या कागदावर पाहिली होती. गाडी तोच चालवत होता, मी स्वतः पाहिलं, असं त्या अक्षरांत लिहिलं होतं.

"रेल्वेनं जा की," बाई हळूच म्हणाल्या. "त्याला कसली अडकाठी नाही. कधीच नव्हती."

तो पायऱ्या उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसला. ताई फोनवर म्हणायची, "सावकाश ये. मी कुठे पळून जातेय?" आणि तो म्हणायचा, "परवानगी हातात पडू दे, दारात गाडी उभी करतो." दोन वर्षांपूर्वी ताई गेली. त्या दिवशी कंडक्टर सकाळपासून त्याच्याजवळ बसून होता. त्यानं त्याला बळंच दोन घास खायला लावले होते. स्वतः रडत म्हणाला होता, "ऑफिसवाल्यांनी घात केला रे आपला."

गुरुवारच होता. कंडक्टरनं दार उघडलं. आत टेबलावर नकाशा पसरलेला होता.

"ये. नवीन पूल झालाय म्हणे, चाळीस किलोमीटर वाचतात."

ड्रायव्हर उंबऱ्यातच उभा राहिला. "संपातला जबाब तू दिलास?"

कंडक्टरनं चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"संपानंतर मला कामावर घेत नव्हते. घरात दोन पोरी होत्या. एक नाव दे म्हणाले. तुझं तोंडात आलं. वाटलं, तू घरी झोपलेला, तू सहज सुटशील."

"आणि नामंजुरीचं पत्र?"

"ते दाखवलं असतं तर तू कारण विचारलं असतंस."

ओरडायचं असं येताना ड्रायव्हरनं ठरवलं होतं, पण तो नुसता टेबलावरच्या नकाशाकडे बघत राहिला. कंडक्टर खुर्चीचा आधार घेत दोन पावलं पुढे आला. डोळे भरले होते.

"एक ऐक. माझा अर्ज मंजूर झाला होता. तो कागद अजून कपाटात आहे. पोरी म्हणाल्या, बाबा, तुम्ही तरी जाऊन या. मी गेलो नाही. सहा वर्षांत तुला सोडून मी सीमेपलीकडे एक पाऊल टाकलं नाही. एवढं तरी माझ्या बाजूनं धर."

ड्रायव्हरनं त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही.

"गेला असतास, तर मला त्याच दिवशी कळलं असतं. ताई होती तेव्हा. रेल्वेनं गेलो असतो."