डबलसीट
“चेनचं मागचं चक्र, स्प्रॉकेट, मोठं बसवलंय, वहिनी. स्पीड थोडा कमी होईल, पण पिकअप वाढेल. घाटात डबलसीट ओढत नव्हती ना!” मोटरसायकलची किल्ली देत मिस्त्री म्हणाला. नवरा तर रोज एकटाच सातपूरला कंपनीत जातो. वाटेत घाट कुठला? दोन दिवस मी त्याचा मोबाइल चाळला, शर्ट हुंगले. शेवटी जेवताना विचारलंच, “गाडीवर मागं कोण बसतं?” त्यानं घास ताटात ठेवला. “आई. आठवड्यातून दोनदा घाटापलीकडून, हरसूलहून डायलिसिसला आणतो. एसटीपर्यंत तिला चालवत नाही.” “मग मला का नाही सांगितलंस?” “तिचं नाव घरात काढायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस.” तीन वर्षांपूर्वी भांडून मीच सासूबाईंना गावी धाडलं होतं. गुरुवारी, डायलिसिसच्या दिवशी, मी त्यांच्या आधीच दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. गाडी थांबली. मला पाहताच सासूबाई घाबरून लेकाच्या पाठीमागं लपल्या.