ईदच्या दिवशी झाडावर

फोन वाजला तशी नाझमिये उठली आणि फळ्यांना धरत धरत कठड्याच्या कोपऱ्यात गेली. झाडावरच्या या खोलीत तेवढ्या एकाच कोपऱ्यात आवाज नीट येतो, हे तिच्या मुलाने, लेव्हेंतने, जाताना तीनदा बजावलं होतं.

"ताई, अगं कुठे आहेस तू?" फोनवर शेजारीण होती, सबीहा, तिकडून, त्यांच्या गावाहून, इस्पार्ताहून. "तुझ्या दारात एक म्हातारा येऊन बसलाय."

"ईदचा आला असेल कोणी. सांग, घरी नाहीये म्हणून."

"सांगून झालं. उठत नाही. मांडीवर मिठाईचा डबा घेऊन पायरीवर बसलाय. नाव विचारलं, तर म्हणतो, सांगा, धाकटा आलाय."

कठडा म्हणजे साल न काढलेली एक जाड फांदी होती. नाझमियेने ती घट्ट धरली.

बारा वर्षं धाकटा भाऊ रुस्तेम तिच्याशी बोलला नव्हता. ईदला धाकट्याने थोरल्याच्या घरी यायचं, हाताचं चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावायचा, की मागचं सगळं मिटतं. म्हणून बारा वर्षं ईदच्या पहिल्या दिवशी नाझमियेने उंबरा ओलांडला नव्हता. का, ते कोणाला सांगितलं नव्हतं. यंदा लेव्हेंत म्हणाला, "आई, दर वर्षी दार धरून बसतेस. येतं कोण? चल, समुद्राकाठी झाडावर राहू." तेव्हाही तिला सांगता आलं नाही.

"त्याला फोन दे," ती म्हणाली.

खुडबुड ऐकू आली. मग तोच आवाज, लांबून, जरा बसलेला. "हात काय फोनवरून देणार आहे ती? बारा वर्षांनी आलो, तर कुलूप. मी येईन या भीतीनेच गेली असेल. माझी पाचची बस आहे, तोवर बसतो. पुन्हा नाही यायचा."

"ऐकलंस?" सबीहा म्हणाली.

"ऐकलं. थांब जरा."

फोन कोपऱ्यातच ठेवून नाझमिये शिडीपाशी आली. सकाळी तिला वर चढवताना वरून लेव्हेंतने ओढलं होतं आणि खालून खानावळीतल्या दोघांनी रेटलं होतं. सगळे हसले होते, तीही हसली होती. मग लेव्हेंत बायकोमुलांना घेऊन होडीवर गेला, तो संध्याकाळीच येणार होता. संडास खाली होता, म्हणून तिने सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

ती फळीवर बसली आणि एक पाय पहिल्या पायरीवर सोडला. दुसरा गुडघा वळेना. झाडांतले किडे उन्हात एकसुरी किरकिरत होते.

"आजी, पाय आत घ्या." खाली चुलीशी चीज भरलेल्या पोळ्या लाटणारी फादिमे ओरडली. "लेव्हेंतभाऊ मला फाडून खातील. काय हवं ते सांगा, टोपलीतून वर पाठवते."

"मला इस्पार्ता हवंय."

"ते टोपलीत मावायचं नाही, आजी."

फादिमे हसली. नाझमिये तशीच बसून राहिली. गुडघा वळला असता, तरी पुढे तीन तासांचा रस्ता होता. तिने पाय वर ओढून घेतला आणि सरकत सरकत पुन्हा कोपऱ्यात आली.

"सबीहा, कुंड्यांना पाणी घालायला किल्ली दिलीय ना तुला? दार उघड. त्याला आत बसव."

सबीहाने निरोप दिला. त्यावर रुस्तेमचं उत्तर आलं, "घरात मोठं माणूस नाही. कोणाच्या घरात जाऊन बसू मी?"

"त्याला म्हणावं, ताईने सांगितलंय. विचारलेलं नाही, सांगितलंय. आता गल्लीतली माणसं यायला लागतील. त्यांनी माझं कुलूप बघून परत जायचं? घरात मोठं माणूस नको?"

 मग सबीहा हळूच म्हणाली, "उठला बाई. म्हणाला, अजून तशीच आहे."

"कशी?"

"ते नाही सांगितलं."

"बंद करू नकोस फोन. आत कपाटावर ठेव आणि तू जा घरी."

किल्ली फिरली. बूट काढल्याचा आवाज आला, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा. खिडकीपाशी नाझमियेची खुर्ची होती. तिच्यावर कोणीही बसलं तरी ती करकरायची. ती करकरली नाही. म्हणजे तो भिंतीकडच्या बाकावर टेकला होता. नाझमियेने तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. फोन चालू आहे, हे त्याला ठाऊक आहे की नाही, तिला कळेना.

दोघं तशीच बसून राहिली.

मग दारावरची घंटा वाजली. तिच्या घरची. पाठोपाठ खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेचा आवाज आला. "ईद मुबारक, आजोबा. तुम्ही पाहुणे का? द्या हात. आणि नाझमियेआजी कुठेयत?"

झाडाखालून फादिमे काहीतरी विचारत होती. नाझमियेने तिला हातानेच गप्प केलं आणि कान फोनला दाबून धरला.

"हात तिचाच घ्या," रुस्तेम म्हणाला. "आत आहे ती. येईलच. बसा तुम्ही, मला काही घाई नाही."