डावीकडचा ओटा

बोट पाण्यात उतरली आणि रुसलेल्या सुनेनं मान वळवावी तशी डावीकडे कलली.

धक्क्यावर हसू फुटलं. गवंडी कमरेइतक्या पाण्यात दोर धरून उभा होता. त्यानं बोटीकडे पाहिलं, मग धक्क्यावर उभ्या असलेल्या बायकोकडे. बायकोनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती पाहत होती धक्क्याच्या मुकादमाकडे.

"वाकडी बोट मी बांधून घेत नाही," मुकादम म्हणाला. "शेजारच्यांना घासते. काल सांगितलं होतं."

त्याच्या मागे भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. त्याला गवंड्याच्या धाकट्या भावानं सकाळीच बोलावून ठेवलं होतं. हा धाकटा जाडजूड, आणि जिभेला हाड नाही. "म्हटलं, लांबून यायचं त्याला," तो म्हणाला. "दादा, मी काय म्हणत होतो? भिंती बांधणाऱ्यानं भिंती बांधाव्यात."

चाळीस वर्षांची ती फायबरची बोट. आणली तेव्हा केबिनमध्ये गवत उगवलं होतं. रोज काम सुटल्यावर गवंडी दोन वर्षं तिच्यामागे लागला. कुजलेलं बूड कापलं, फायबरचं कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवले आणि गिलाव्याच्या थापीनं असे गुळगुळीत केले की माशी घसरावी. दार जुन्या कपाटाचं. काच मोडीत निघालेल्या बसची. गाद्या सुनेच्या जुन्या सोफ्याच्या. आणि केबिनमध्ये डाव्या हाताला काळ्या दगडाचा ओटा, कुणाच्या तरी घरकामातून उरलेल्या फरशीचा. तो बायकोचा हट्ट. "मी काय फळकुटावर भाजी चिरू? आणि फुकटची फरशी पडलीये अंगणात!" गवंड्यानं पाणसळ लावून, तिच्यातला बुडबुडा मधोमध आणून ओटा बसवला. केसाचा फरक नाही. पण तो अंगणात, विटांवर. पाण्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"ओट्यानं केलं हे," गवंडी हळूच म्हणाला. "काढावा लागेल. फोडूनच."

"ओट्याला हात लावायचा नाही," बायको म्हणाली.

"अगं, मग बोट जाईल!"

"बोट पण जायची नाही." तिनं इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर दिरावर थांबली, आणि आठवडी बाजारात भोपळा पारखावा तशी तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पारखलं. "भावजी, चढा."

"मी? या बोटीत?"

"दोन वर्षं रोज संध्याकाळी आमच्या अंगणात त्या उरलेल्या अर्ध्या फरशीवर बसून आमचा चहा प्यायलात आणि आमच्याच बोटीला नावं ठेवलीत. आज एकदा उपयोगी पडा. उजवीकडे बसायचं, खिडकीपाशी."

भंगारवालासुद्धा हसला. धाकट्याला माघार घेता येईना. तो पुटपुटत चढला, बोट हिंदकळली, त्यानं दोन्ही हातांनी कपाटाचं दार धरलं. मग तो उजवीकडच्या गादीवर बसला. टेकला.

बोट सरळ झाली.

गवंडी ओलाचिंब वर चढला. त्यानं खिशातून पाणसळ काढली, ओट्यावर ठेवली आणि वाकून पाहत राहिला. बुडबुडा जरा इकडे गेला, जरा तिकडे गेला, आणि मधोमध थांबला.

मुकादमानं डोकं खाजवलं. "हा माणूस रोज इथं बसणार आहे का?"

"घरी तरी कुठं उठतो?" बायको म्हणाली.

मुकादम इतका हसला की त्याला खोकला आला. "तेवढं वजन तिथं कायमचं ठेवा, म्हणजे झालं," म्हणत त्यानं दोर घेतला आणि स्वतःच्या हातानं खुंट्याला बांधला. टेम्पो रिकामा परत गेला. सुनेनं धक्क्यावरून टाळ्या वाजवल्या, आणि मघाशी हसलेल्यांनी त्या पुढे चालवल्या, जणू बोट त्यांनीच उभी केली होती.

बायकोनं स्टोव्ह पेटवला. नव्या ओट्यावरचा पहिला चहा झाला. धाकट्यानं कपासाठी हात लांब केला तसा बुडबुडा पळाला.

"हलू नका!" नवराबायको एकदम ओरडले. कप त्याच्या हातात नेऊन द्यावा लागला.

"संध्याकाळपर्यंत कळ काढ," गवंडी भावाला म्हणाला. "अंगणातली ती अर्धी फरशी आणून तुझ्या जागी बसवतो. मग तू सुटलास."

धाकट्यानं चहाचा घोट घेतला. त्याची बायको गेल्यापासून त्याच्या घरी चूल क्वचितच पेटायची. खिडकीबाहेर पाणी चमकत होतं. तो पाठ ताठ करून बसला होता, वर्गात पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसवलेल्या पोरासारखा.

"दादा," तो पाणसळीवरची नजर न काढता म्हणाला, "फरशी राहू दे तिकडेच. मी येत जाईन रोज."

गवंड्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पाठ फिरवली आणि धुतलेलाच ओटा पुन्हा पुसायला घेतला.

"येताना दूध आणत जा," ती म्हणाली. "आणि खबरदार, बारीक झालात तर."