खात्री

डिलीटची कमांड देण्याआधी मालविकाचा हात थबकला. सकाळीच एका नवरीचा फोन आला होता, "बाबा गेले हो. लग्नातले त्यांचे फोटो आधी द्याल?" त्यासाठी जागा हवी, म्हणून फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवरचं रद्दी फोटोंचं फोल्डर रिकामं करायचं होतं. पण आपण नक्की त्याच फोल्डरमध्ये आहोत ना?

विंडोजऐवजी या कॉम्प्युटरवर असलेली लिनक्स सिस्टीम तिला नवी होती. इथे डिलीट केलेलं परत मिळत नाही, एवढंच ठाऊक होतं. विंडोजवर नुसतं cd लिहिलं की आपण कुठे आहोत ते दिसायचं, म्हणून तिने तेच लिहिलं. उत्तर आलं नाही, पण चूकही दाखवली नाही. जीव मुठीत धरून तिने सगळं डिलीट केलं.

मिनिट उलटलं तरी काम संपेना. एवढीशी तर रद्दी!

"विराजदादा, इथे नुसतं cd दिलं तर काय होतं?"

"असशील तिथून थेट होम फोल्डरमध्ये येतेस. आपली सगळी लग्नं असतात ना, तिथे," शेजारी लेन्स पुसत विराज म्हणाला. "का गं?"

cd लिहिण्याआधी ती बरोबर फोल्डरमध्येच होती. खात्री करून घेतली नसती, तर नवरीचे बाबा अजून मांडवात उभे असते.