बोटावरची शाई

चहाचा ट्रे पुढे करताना वैजूच्या बोटावरची मतदानाची शाई दिसली, तसा मुलाच्या मामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "वहिनी, मुलगी एकोणीस वर्षांची म्हणालात ना? मताला तर एकवीस लागतात!"

वैजूच्या आईनं घाईघाईनं पोह्यांची बशी मामांपुढे सरकवली. लेकीला चोविसावं लागलं होतं. काल रॉकेलनं बोट सोलवटेपर्यंत घासलं, तरी शाई हटली नव्हती.

"मामा, यंदा घटनादुरुस्ती झाली," वैजू खाली मान घालून म्हणाली. "आता अठरा पुरतात."

मामा ओशाळले. आईच्या जिवात जीव आला. दिल्लीत निदान एक तरी खासदार लग्नाच्या मुलीचा बाप असणार, याची तिला खात्रीच पटली.

मामांची बाजू सावरायला मुलगा हसत म्हणाला, "मामा जुन्या हिशेबात आहेत. पाच वर्षांपूर्वी मी पहिलं मत दिलं, तेव्हा एकवीसच लागायची."

मामांना जोराचा ठसका लागला. मुलगा तेवीस वर्षांचा, असं त्यांनीच सांगितलं होतं.

वैजूच्या आईनं त्यांच्या कपात आणखी एक चमचा साखर घातली. "सावकाश घ्या, मामा. वयानंही जोडा कसा अगदी शोभतो, नाही?"