मांडवभर नर

"हे बघा!" कृषी सहायक दिगंबर नाईकवाडेंनी सापळ्याची पिशवी पताकेसारखी उंच धरली. आत लष्करी अळीचे पतंग खच्चून भरले होते. "मादीच्या गंधाची एवढीशी गोळी लावली, अन् सगळे नर धावत आले!"

शेतीशाळेला जमलेल्या गडीमाणसांनी तोंडातली कांदाभजी सांभाळत टाळ्या वाजवल्या. नाईकवाडेंनी पिशवीचा फोटो काढला, मग मांडवाचा, आणि 'शेतकऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहून दोन्ही फोटो साहेबांना पाठवून दिले. अठरा वर्षांच्या नोकरीत एवढी माणसं फक्त त्यांच्या लग्नाला आली होती. त्याच तोऱ्यात ते शेजारच्या मक्यात शिरले.

मक्याची पानं चाळणी झाली होती. बायकांबरोबर निंदणाऱ्या कौसाबाईनं विचारलं, "सायेब, एवढे पतंग घावले, मंग अळी हटंना कशी?"

"मावशी, सापळ्यात नरच येतात. अंडी माद्या घालतात, पानांवर. ती हातानं चिरडावी लागतात. आत्ताच तासभर समजावून सांगितलं ना सगळ्यांना!"

"कुणाला?"

"शेतकऱ्यांना."

कौसाबाईनं खुरपं थांबवून मांडवाकडं पाहिलं. "त्यातला एक तरी मक्यात वाकतो का? वाकतो आमी. आमाला कुणी बोलावलं?"

नाईकवाडेंनी ओशाळून मोबाइल उघडला. वरच्या फोटोत पिशवीभर नर होते, खालच्या फोटोत मांडवभर. दोन्ही सापळे त्यांनीच लावलेले. एकात गंधाची गोळी होती, दुसऱ्यात कांदाभजी.