चौथा कोपरा

"मुकादम, बांधताना तरी इतका वेळ लावला नव्हतात!" टोपलीत खडी भरता भरता किसा म्हणाली आणि ओळीतल्या बाया फिसकन हसल्या.

मागोरोकु हसला नाही. पहार धरून तो तटाच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. एका मुलखात एकच किल्ला ठेवा, असा एदोच्या सरकारातून हुकूम सुटला होता, आणि हा किल्ला जास्तीचा ठरला होता. सगळा पाडायची गरज नव्हती. कोपरे तेवढे फोडा, असं अंमलदारानं बजावलं होतं. कोपरा गेला की तट असून नसल्यासारखा. तीन कोपरे मागोरोकुनं हां हां म्हणता उतरवले. बांधलेही त्यानंच होते.

या चौथ्यात किसाचा जिझो होता.

किसाचं पोर देवीच्या साथीत गेलं, तेव्हा तिनं तो वेशीवर बसवला होता. पोरांचा राखणदार देव, जेमतेम गुडघ्याएवढी दगडी मूर्ती. त्या साली तटासाठी गावाच्या वाट्याचे दगड काही केल्या भरेनात आणि सरदाराचा माणूस रोज दारात येऊन शिव्या घालायचा. नदीला पूर आला तेव्हा मागोरोकुनं संधी साधली आणि जिझो उचलून तटात चिणला. "पाण्यानं नेला, वहिनी," असं सांगून मोकळा झाला. किसा लावणी टाकून नदीचा तळ चाचपत हिंडली. तिच्यासोबत मागोरोकुही पाण्यात उभा राहून शोधत होता, अगदी मन लावून.

"व्हा बाजूला सगळ्या!" तो आता ओरडला. "दगड घरंगळेल. खंदकापलीकडे जा."

बाया गेल्या. किसा हलली नाही. "माझी टोपली अर्धीच भरलीय. अर्ध्या टोपलीला तुमचा कारकून भातही अर्धाच वाढतो."

त्यानं पहार घातली. निघाला की थेट खंदकात लोटायचा, हे रात्रीच ठरलं होतं. वरचा चिरा सुटला, शेजारचा सुटला, आणि मधला गोल, बारका दगड मोकळा झाला. लोटायला त्यानं पाय टेकवला. पाय तसाच राहिला.

मग तो खाली बसला, दगड दोन्ही हातांनी उपसला आणि किसाच्या पुढ्यात आणून ठेवला.

किसानं टोपली खाली ठेवली. जिझोच्या डोक्यावरून हात फिरवला.

"इथं होता?"

"हो, वहिनी."

"नदीत नव्हता."

"नव्हता."

ती जिझोपुढं गुडघ्यांवर बसली. मग म्हणाली, "तोंड कुठं होतं याचं?"

"बाहेर," मागोरोकु घाईनं म्हणाला. "गावाकडं. मुद्दाम तसाच बसवला मी."

किसानं डोक्याचा पंचा सोडला आणि ती पुसायला लागली. पाठीवर तटाच्या बाहेरच्या बाजूचं हिरवं शेवाळ चढलं होतं. तोंडावर आतली माती ठासून बसली होती. डोळ्यांतली काही केल्या निघेना, तेव्हा तिनं पंच्याच्या टोकाला थुंकी लावली आणि हलक्या हातानं एकेक डोळा साफ करू लागली.